आज्ञावली-आकलन

आज्ञावली-आकलन : संगणकाची एखादी अपरिचित आज्ञावली कोणते कार्य करते, तिला कोणती माहिती पुरवावी लागते व ती कोठे चुकते, हे जाणून घेण्याची पद्धती. यंत्राचे भाग पाहून त्याच्या कार्याची काहीशी कल्पना येते. आज्ञावलीबाबत ते शक्य नसल्याने तिचे लेखी वर्णन हे तिचे आवश्यक अंग ठरते.

हा प्रश्न आज्ञावलींच्या पहिल्या संग्रहांबरोबरच उद्‌भवला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. वर्गमूळ, त्रिकोणमितीय फलने इत्यादींसाठी प्रत्येकास नव्याने आज्ञा लिहाव्या लागू नयेत म्हणून तेथे छिद्रित कागदी फितींवर उपआज्ञावलींचा संग्रह करण्यात आला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ मधील ग्रंथात त्यांची वर्णने आढळतात. अंतर्रचना ज्ञात नसणाऱ्यासही आज्ञावली वापरता येईल असे वर्णन लिहिणे हे ती रचण्याहूनही अवघड ठरू शकते, असे व्हीलर यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या पुस्तिकेने (३ नोव्हेंबर १९७१) या वर्णनास ठरीव साचा दिला. नाव व एका ओळीत कार्य, वापराची रीत, सविस्तर वर्णन, संबंधित फाइली व इतर नोंदींचे संदर्भ असा त्याचा क्रम होता. ज्ञात दोषांसाठी स्वतंत्र शीर्षक होते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे ही पाने संगणकावरच वाचता येऊ लागली. १९७९ च्या सुमारास बर्कली येथील आवृत्तीत एका ओळीच्या वर्णनांतून शब्दाने शोध घेण्याची सोय झाली. त्यामुळे नाव माहीत नसलेली आज्ञावलीही सापडू लागली.

वर्णन अपुरे असल्यास मूळ संहितेचे वाचन हा दुसरा मार्ग होय. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर भाष्य लिहिले (१९७६). सातव्या आवृत्तीच्या (१९७९) परवान्याने मात्र संहितेचा अध्यापनात वापर करण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने हातोहात पसरले व १९९६ मध्येच ते उघडपणे प्रसिद्ध होऊ शकले. दरम्यान अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी अध्यापनासाठी मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली रचली (१९८७).

अशा रीतीने आकलनाचा प्रश्न हक्काचाही बनला. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निदेशाने आज्ञावलीच्या वैध वापरकर्त्यास तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व परीक्षण करण्याची मुभा दिली. भारतातही १९९९ च्या दुरुस्तीने प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ मध्ये याच आशयाची तरतूद झाली.