एनएसयू आरओ ८०

एनएसयू आरओ ८० : पश्चिम जर्मनीतील नेकार्सउल्म येथील एनएसयू कंपनीने १९६७ ते १९७७ या काळात तयार केलेली चार दारांची, पाच आसनांची कौटुंबिक मोटारगाडी. नेहमीच्या दट्ट्यांच्या एंजिनाऐवजी व्हांकेल पद्धतीचे दोन घूर्णकांचे एंजिन तीत बसविलेले होते. नावातील ‘आरओ’ ही अक्षरे फिरता दट्ट्या या अर्थाच्या जर्मन शब्दाची असून ८० हा नमुन्याचा क्रमांक आहे. गाडीचा आकार, रस्त्यावरील वागणूक आणि आतील शांतता यांबाबतीत ती आपल्या काळाच्या बरीच पुढे होती. मात्र एंजिनाच्या एका लहानशा भागाने तिच्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व धोक्यात आणले.

या कंपनीची सुरुवात १८७३ मध्ये विणकामाच्या यंत्रांच्या निर्मितीने झाली. पुढे तिने सायकली व १९०१ पासून मोटारसायकली काढल्या आणि १९५५ च्या सुमारास ती जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल उत्पादकांपैकी एक होती. जर्मनीत सुबत्ता वाढताच गिऱ्हाईक दुचाकीकडून चारचाकीकडे वळले. म्हणून १९५८ पासून कंपनीने ‘प्रिन्स’ ही छोटी गाडी विकावयास काढली. तथापि लहान गाड्यांवर नफा थोडा आणि समोर फोक्सवॅगनसारखी बलाढ्य कंपनी, अशी ही स्थिती होती. फेलिक्स व्हांकेल (१९०२–८८) या संशोधकाशी एनएसयूचे संबंध पूर्वीपासून होतेच. त्याच्या कल्पनेवर आधारलेले पहिले एंजिन फेब्रुवारी १९५७ मध्ये कंपनीच्या कार्यशाळेत चालले. त्यात बाहेरचे कवचही फिरत असे. ते स्थिर ठेवून फक्त आतील घूर्णक फिरविण्याची, व्यवहारात उपयोगी पडलेली रचना कंपनीचा अभियंता हान्स डीटर पाश्के याने सिद्ध केली. व्हांकेलला मात्र हा बदल फारसा रुचला नव्हता. १९६४ मध्ये एक घूर्णक असलेली ‘स्पायडर’ ही दोन आसनी गाडी बाजारात आली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आरओ ८० मांडण्यात आली.

व्हांकेल एंजिनात वर-खाली हलणारा दट्ट्या, संयोगदांडा व झडपा नसतात. मध्ये किंचित दबलेल्या अंडाकृती पोकळीत, फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक विमध्य दंडावर फिरतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली असल्याने तीन कक्ष तयार होतात व फिरता फिरता ते लहानमोठे होतात. अंतर्ग्रहण, संपीडन, ज्वलन व निष्कास या चारही क्रिया प्रत्येक कक्षात क्रमाने घडतात. घूर्णकाच्या एका फेऱ्यात दंडाचे तीन फेरे होत असल्याने दंडाच्या दर फेऱ्यास प्रत्येक घूर्णकाकडून एक शक्तिधक्का मिळतो. आरओ ८० मध्ये प्रत्येकी ४९७.५ घ. सेंमी.चे दोन कक्षसमूह असून ५,५०० फेरे दर मिनिटास या वेगाला ११५ अश्वशक्ती मिळत असे. सु. १,२०० किग्रॅ. वजनाची ही गाडी ताशी १८० किमी.पर्यंत धावू शके. शून्यापासून ताशी १०० किमी. वेग गाठण्यास तिला सु. १३ सेकंद लागत, म्हणजे झेप घेण्यात ती असामान्य नव्हती. तिचे खरे वैशिष्ट्य कंपनाचा अभाव हे होते. वेग वाढेल तसे हे एंजिन अधिकच शांत होत जाई.

एंजिन आटोपशीर असल्याने ते पुढील चाकांच्या आसाच्या पुढे बसविता आले व नाक खाली ठेवता आले. आराखडाकार क्लाउस लूटे (१९३२–२००८) याने पुढून उतरती, मागे चढत जाणारी, मोठ्या काचांची आकृती काढली. तिचा वायुरोध गुणांक ०.३५५ इतका होता. त्या काळच्या बहुतेक कौटुंबिक गाड्या पाहता हा आकडा पुष्कळच कमी होता. गाडीची लांबी ४.७८ मी. व चाकांच्या आसांमधील अंतर २.८६ मी. असल्याने आत ऐसपैस जागा होती. शक्ती पुढील चाकांना पुरविली जाई. चारही चाकांना तबकडी गतिरोधक होते आणि पुढचे दोन चाकांपाशी नसून आत, गिअरपेटीलगत बसविल्याने चाकांकडील न तोललेला भार कमी झाला होता. सुकाणू वळविण्यास द्रवदाबाचे साहाय्य होते व चारही चाकांचे निलंबन स्वतंत्र होते. १९६८ सालचा यूरोपातील ‘वर्षाची मोटारगाडी’ हा सन्मान तिला मिळाला आणि तो मिळविणारी ती पहिली जर्मन गाडी ठरली.

घूर्णकी एंजिन मंद वेगात व उतारावर काहीसे धक्के देत चाले. ते लपविण्यासाठी तेलाच्या प्रवाहातून शक्ती पोचविणारा परिवर्तक व तीन गिअरांची अर्धस्वयंचलित पेटी वापरली होती. क्लचचा पायपट्टा नव्हता. गिअरदांड्याच्या मुठीतील विद्युत् स्विच हात लागताच क्लच सोडवी. सोय मोठी होती, पण मुठीवर सहज हात ठेवून बसण्याची सवय असलेल्या चालकाच्या एंजिनाचा वेग एकाएकी भडके.

गाडीचे खरे दुखणे घूर्णकाच्या टोकांशी होते. कक्ष एकमेकांपासून वायुरुद्ध ठेवण्यासाठी प्रत्येक टोकाच्या खाचेत सीलपट्टी बसविलेली असे. दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला सपाट टेकतात व त्यांना वंगण मिळते. येथे मात्र एक अरुंद कड बदलत्या कोनातून, तापलेल्या पृष्ठभागावर मोठ्या वेगाने घासत जाई. पट्टीचे तीन तुकडे आरंभी एकाच पदार्थाचे होते आणि मधला तुकडा इतरांहून लवकर झिजे. पट्ट्या झिजल्या की दाब गळे, थंड एंजिन सुरू होत नसे, पेट्रोलचा खप वाढे. थोड्याथोड्या अंतराच्या शहरी फेऱ्यांत एंजिन पुरते न तापल्याने झीज अधिकच होई. शिवाय एंजिनाच्या आवाजावरून वेगाचा अंदाज येत नसल्याने चालक मर्यादा सहज ओलांडीत. पुढे यासाठी इशारा देणारा आवाज बसवावा लागला. अनेक एंजिने ५०,००० किमी. होण्यापूर्वीच बदलावी लागली. कंपनीने हमीनुसार ती उदारपणे, कित्येकदा पुरेशी तपासणीही न करता बदलून दिली. मालकाचा राग त्यामुळे काहीसा शमला, पण तिजोरी रिकामी होऊ लागली. रस्त्यात भेटलेले दोन आरओ ८० मालक आपले कितवे एंजिन चालू आहे ते बोटे दाखवून एकमेकांना सांगत, अशी आख्यायिका आहे.

मधला तुकडा लोह व टायटॅनियम कार्बाइडयुक्त अशा अधिक कठीण पदार्थाचा करताच ही अडचण बव्हंशी दूर झाली. १९७० च्या दशकातील गाड्या पहिल्यांच्या मानाने चांगल्याच टिकाऊ होत्या. पण नावलौकिक एकदा गेला तो परत आला नाही. घूर्णकी एंजिनांत दोष नव्हता असे नव्हे, परंतु जो दोष प्रयोगशाळेत आणखी दोन वर्षे घालवून निघाला असता तो गिऱ्हाइकाच्या दारात काढण्याची पाळी आली, हीच चूक भोवली असे म्हणावे लागते.

एवढा भार पेलण्याइतकी एनएसयू मोठी नव्हती. १९६९ मध्ये तिचे फोक्सवॅगनच्या ताब्यातील आउटो युनियन या कंपनीत विलीनीकरण होऊन ‘आउडी एनएसयू आउटो युनियन’ अशी नवी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये एनएसयू ‘के ७०’ ही साध्या दट्ट्यांच्या एंजिनाची गाडी जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडणार होती. ती ऐन वेळी मागे घेण्यात आली आणि १९७० मध्ये फोक्सवॅगनच्या नावाने विक्रीस आली. पुढील चाकांना शक्ती देणारी व जलशीतित एंजिनाची ती फोक्सवॅगनची पहिली गाडी होय. ज्या गाडीवर एनएसयूला कदाचित सावरता आले असते ती अशी दुसऱ्याच्या नावे धावली.

व्हांकेल एंजिनाचा ज्वलनकक्ष लांबट व चपटा असून तो फिरता असल्याने इंधन पूर्ण जळत नाही. त्यामुळे शंभर किमी.स १५ लि.हून अधिक पेट्रोल लागणे ही आरओ ८० च्या मालकाला नेहमीची गोष्ट होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती कोणालाच परवडेना. फ्रान्समधील सीत्रोएन कंपनीची घूर्णकी गाडी १९७५ मध्येच बंद पडली. १९६१ मध्ये परवाना घेतलेल्या जपानच्या तोयो कोग्यो कंपनीने (माझ्दा) मात्र सीलपट्ट्यांवर चिकाटीने काम केले आणि २०१२ पर्यंत घूर्णकी एंजिनांच्या गाड्या अखंड चालू ठेवल्या. आरओ ८० चे उत्पादन १९७७ मध्ये सु. ३७,४०० गाड्यांनंतर थांबले. एनएसयू या नावाने विकली गेलेली ती अखेरची मोटारगाडी होय. १९८५ मध्ये कंपनीच्या अधिकृत नावातूनही ही अक्षरे गेली. ब्रिटनमधील काही मालकांनी एंजिनाची डोकेदुखी संपविण्यासाठी आपल्या गाड्यांत फोर्डचे चार सिलिंडरांचे व्ही आकाराचे एंजिन बसवून घेतले. घूर्णकी एंजिनाच्या लहानशा जागेत मावेल असे तेच होते, मात्र ते चालताना गाडीची सारी शांतता नाहीशी होई. लूटे १९७६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीच्या आराखडा विभागाचा प्रमुख झाला. १९८२ मध्ये आउडी १०० ही गाडी ०.३० वायुरोध गुणांकासह आली, तेव्हा आरओ ८० ची वायुप्रवाही ठेवण आणि मोठ्या काचा यांची अनेक जाणकारांना आठवण झाली. ही आउडी १०० नेकार्सउल्मच्याच कारखान्यात तयार होत असे.