नळीपासून दुर्बिणीपर्यंत



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. शास्त्रातले मला फार कळते असे नाही. पण नवरात्रात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेले असता तेथील जुन्या शिलालेखाची हकीकत कळली आणि दुर्बिणीचा इतिहास वाचावासा वाटला.

तो लेख १२०७ सालचा. थोर गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला व निकुंभ घराण्यातील सोइदेव यांनी त्यास दान दिले, असे त्यात कोरले आहे. ग्रह पाहण्यासाठी पोकळ नळी कशी लावावी, हे भास्कराचार्यांनी सांगून ठेवले आहे. त्या नळीस भिंग नव्हते. नजर नेमकी ग्रहावर लागे, एवढेच.

भिंगाची दुर्बीण १६०८ साली हॉलंडातील चष्मे करणाऱ्यांकडून पुढे आली. १६१० साली इटलीत गॅलिलिओने तशा दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. भिंगातून ताऱ्याभोवती रंगाची झालर दिसे. म्हणून न्यूटनने १६६८ साली भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा बसविला. पावसात वाटीपेक्षा परातीत जास्त पाणी साठते, तसाच मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो. इंग्लंडात विल्यम हर्शेल असे आरसे तासन्‌तास घाशीत असता त्यांची बहीण कॅरोलाइन त्यांना हाताने घास भरवी. पुढे तीच दुर्बिणीशी बसली आणि १७८६ साली तिने स्वतः धूमकेतू शोधला!

आपल्याकडे १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, तेवढेच सरकारने घातले. तेथील २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी ती निष्ठेने चालविली. पण १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद पडली. दुर्बीण दूर कोडाईकनालला गेली. यंत्र शाबूत होते. एका माणसाबरोबर पुण्यातले काम मात्र थांबले.

पुढे नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ३० तबकड्यांची दुर्बीण झाली. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. ती प्रकाश नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. गोविंद स्वरूप २०२० साली वारले. पण त्यांनी माणसे तयार केली होती, म्हणून दुर्बीण चालूच आहे.

चांगदेवांनी मठ का काढला असेल, ते मला आता उमगते. आपल्या मंडळाच्या पहिल्या भगिनी आता थकल्या आहेत. हिशेबाची वही अजून एकाच हातात आहे. ती शिकून घेण्यासाठी माझ्या मुलीला मी येत्या महिन्यापासून पाठविणार आहे. आपणही आपल्या लेकीसुनांना पाठवावे, ही विनंती.