सुप्याच्या बाजारातील राग

जमाव आंधळा असतो, हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा उच्चारले असेल! गुस्ताव ल बाँ यांच्या १८९५ च्या ग्रंथाने त्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. पण त्याआधी वीस वर्षे, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात सावकारांवर तुटून पडलेला जमाव खतपत्रे मागत होता. पुढे गावोगाव तेच घडले. कर्जरोखे हाती आले की ते जाळायचे. सावकाराने मुकाट्याने दिले तर सहसा त्याच्या अंगाला हात लागत नसे. नाकारले, तर मात्र धडगत नव्हती.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपताच भाव उतरले, पुढे सारा वाढला आणि सावकाराने हात आखडला. अपेक्षाभंगातून आक्रमकता उपजते, हा जॉन डोलार्ड व सहकाऱ्यांचा १९३९ चा सिद्धांत येथे चपखल बसतो. (जरा अधिकच चपखल!) मात्र राग का आला एवढेच तो सांगतो, तो कोणावर निघाला, हे त्याने पुरते उलगडत नाही. सारा सरकारने वाढवला होता, हुकूमनामे न्यायालयांनी दिले होते. मार खाल्ला तो जवळजवळ सर्वस्वी गुजर-मारवाडी सावकारांनी. सरकारी चौकशी आयोगानेच नोंदवले आहे की, त्याच गावांत सावकारी करणारे ब्राह्मण व इतर जातींचे लोक बहुधा सुखरूप राहिले.

रोखे त्यांच्याकडेही होते.