मुंबई महानगरपालिका आणि रहिवाशांचा अधिकार

म्युनिसिपालटी म्हटली की तुंबलेली गटारे, खणून ठेवलेले रस्ते आणि मालमत्ता कराचे बिल एवढेच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. परंतु तिच्या कारभारात सामान्य रहिवाशाला जागा कशी मिळाली, आणि मिळालेल्या जागेचा त्याने कितपत उपयोग केला, याचा विचार क्वचितच होतो. मुंबईचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तो थोडक्यात ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

१८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारनियुक्त गृहस्थांच्या मंडळाकडे आला. खर्चावर देखरेख ठेवणे हे या मंडळाचे काम, आणि प्रत्यक्ष अंमल एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती, अशी ती योजना होती. कमिशनर म्हणून आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. गृहस्थ मोठे धडाडीचे. त्यांनी रस्ते रुंद केले, शहराची सफाई हाती घेतली, भव्य मंडई उभारली. मात्र हे सर्व करताना खर्चाला धरबंध राहिला नाही. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्ध संपून १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला होता आणि शहरातील कित्येक सावकार धुळीस मिळाले होते. अशा स्थितीत करांचा बोजा वाढताच करदाते खवळून उठले. १८७१ साली मुंबईत मोठी चळवळ झाली आणि क्रॉफर्ड यांस पायउतार व्हावे लागले.

या गदारोळात एका तरुण बॅरिस्टरने प्रवाहाविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखविले. त्यांचे नाव फिरोजशहा मेहता. वय अवघे सव्वीस वर्षांचे. १८७१ च्या अखेरीस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली, आणि दोषाचा मोठा वाटा जस्टिस मंडळींच्या पदरात टाकला. देखरेखीचा अधिकार त्यांच्याकडे होता. तो त्यांनी वेळीच बजावला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारभारी एकच असावा, त्याच्या हाती पुरेसा अधिकार असावा, परंतु त्याच्यावर नजर ठेवणारे सभासद करदात्यांनी निवडून दिलेले असावेत, हा उपाय त्यांनी सुचविला. त्या वेळी तो पुष्कळांस रुचला नाही. आमच्या मते मात्र मुंबईच्या नागरी इतिहासात याहून अधिक मोलाची सूचना दुसरी झाली नाही.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते, १६ जस्टिसांनी, आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे होते. पहिली निवडणूक १८७३ साली झाली. अर्थात मतदार म्हणजे ठराविक रकमेच्या वर कर भरणारे मूठभर लोक. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगारास त्यात स्थान नव्हते. पुढे १८८८ चा कायदा झाला, आणि त्याच्या घडणीत फिरोजशहांचा वाटा मोठा होता. मतदानाची अट पुढील काळात टप्प्याटप्प्याने सैल झाली व १९४८ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. मुंबईचा कारभार आजही, अनेक दुरुस्त्यांसह, त्या १८८८ च्याच कायद्याने चालतो.

क्रॉफर्ड यांच्या त्या मंडईस पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो, कारण जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहराच्या शृंगारावर एक हजार रुपये खर्च करावे, असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. ते सरकारनियुक्तच सभासद होते. तरी सरकारच्या पाहुण्यासाठी करदात्यांचा पैसा उधळण्यास त्यांचे मन धजले नाही. मुंबईच्या जस्टिस मंडळींनी जे केले नाही, ते पुण्यात एकट्या माणसाने केले.

आता प्रचलित रचनेविषयी. वर्गात नागरिकशास्त्र शिकवीत असता आम्ही मुलांना विचारीत असू, की महापौर मोठा की आयुक्त? बहुतेक मुले महापौर म्हणत. वस्तुतः महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. अंमलबजावणीची सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असते. खर्चाच्या मोठ्या बाबी स्थायी समितीपुढे जातात. आयुक्ताने अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आरंभी स्थायी समितीस सादर करावयाचे, समितीने ते तपासावयाचे, आणि मार्चअखेरीच्या आत सभेने मंजूर करावयाचे, असा क्रम आहे. या दोन महिन्यांत आपला नगरसेवक काय बोलला, हे किती मतदार विचारतात? लग्नाच्या आमंत्रणासाठी मात्र त्याच्या दारी रांग लागते!

निवडणूक हा सहभागाचा एकच मार्ग नव्हे. प्रभाग समित्या आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, आणि दहा रुपयांच्या अर्जाने आपल्या गल्लीतील रस्त्याचा ठेका कोणास, किती रकमेस दिला, हे मागता येते. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहानसहान कामांच्या सूचना मागविण्याची प्रथा पाडली. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभांची तरतूद केली. ती बहुतांशी कागदावरच राहिली, हे खेदाने नमूद करावे लागते.

लेखी हरकतीचे बळ केवढे, हे २०१५ साली दिसले. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा त्या वर्षी प्रसिद्ध झाला, तेव्हा कित्येक ठिकाणी उभ्या वास्तूंवरून रस्ते दाखविलेले आढळले. रहिवाशांनी नकाशे पडताळून हजारोंच्या संख्येने हरकती नोंदविल्या. अखेर एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

याच्या उलट उदाहरणही जवळचेच आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न झाल्याने अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली व प्रशासकानेच मंजूर केली. देखरेख करणारे सभागृहच नव्हते. १८७१ साली टाउन हॉलपासून वर्तमानपत्रांपर्यंत शहर दुमदुमले होते, आणि त्या चळवळीतील पुष्कळांस तर मताचा अधिकारही नव्हता. या खेपेस, सर्वांस मत असूनही, आमच्या आळीत त्याविषयी एक सभा भरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.