वॉव एअर : शेवटची रात्र

नोव्हेंबर 2011. आइसलँडचे उद्योजक स्कुली मोगेनसेन ‘वॉव एअर’ काढतात. पुढच्या मे महिन्यात जांभळ्या रंगाचं पहिलं विमान पॅरिसला जातं. तिकीट स्वस्त, बॅग आणि खाण्यापिण्याचे पैसे वेगळे. युरोप आणि अमेरिकेचे प्रवासी अटलांटिकच्या मध्यावरच्या केफ्लाविकला आणायचे, विमान बदलून पलीकडे सोडायचे, असा धंदा. साडेतीन लाख वस्तीच्या देशातली ही कंपनी 2018 मध्ये सुमारे 35 लाख प्रवासी नेते.

सप्टेंबर 2018. मोठी ए330 विमानं घेतल्यामुळे खर्च हाताबाहेर गेलाय, इंधनही महागलंय. कंपनी रोखे विकून 5 कोटी युरो उभे करते.

डिसेंबर 2018. दिल्ली ते केफ्लाविक सेवा सुरू होते. त्याच महिन्यात ताफा 20 विमानांवरून 11 वर आणायचं ठरतं आणि जानेवारीत दिल्ली बंद. स्वस्त सेवेची शिस्त आपण सोडली, हे मोगेनसेन मान्य करतात. ती सुटली नसती, तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला वाटतं.

21 मार्च 2019. अमेरिकेतली गुंतवणूकदार संस्था इंडिगो पार्टनर्स (आपल्या इंडिगोशी तिचा संबंध नाही) वॉवमध्ये पैसे गुंतवण्याची बोलणी सोडते.

24 मार्च. प्रतिस्पर्धी विमान कंपनी आइसलँडएअरही वॉवशी चाललेल्या बोलण्यांतून माघार घेते. आता उरले ते रोखेधारक. दोन दिवसांत त्यांच्यातले बहुतेक जण कर्जाच्या बदल्यात भागभांडवल घ्यायला तयार होतात. पण कागदावरचं कर्ज मिटलं म्हणून विमानाचं भाडं भागत नाही. त्याला रोकड लागते आणि विमान कंपनीची रोकड म्हणजे प्रवाशाने महिनोन्महिने आधी भरलेले पैसे. कंपनी डळमळतेय अशी बातमी फुटली, की हा ओघ आटतो आणि विमानांचे मालक अटी आवळतात.

27 मार्च, संध्याकाळ. भाडेकरारावरची विमानं मालक ताब्यात घेऊ लागतात. उत्तर अमेरिकेतली उड्डाणं रद्द होतात. तिथून रात्री निघणारी विमानंच पहाटे केफ्लाविकला येऊन पुढे युरोपला जायची, त्यामुळे तिकडची थांबली की इकडची सकाळही कोलमडते.

28 मार्च, मध्यरात्रीनंतर. नव्या गुंतवणूकदारांशी करार शेवटच्या टप्प्यात आहे, तोवर सगळी उड्डाणं स्थगित, पुढची माहिती सकाळी 9 वाजता, असं कंपनी कळवते.

पहाट. प्रवासी बॅगा घेऊन विमानतळावर येतात. फलकावर एकेक उड्डाण रद्द.

सकाळी 9 च्या आधीच. कंपनी बंद झाल्याची घोषणा. उड्डाण परवाना परत. सुमारे हजार कर्मचाऱ्यांची नोकरी एका पत्रात जाते. कार्डाने पैसे भरले असतील तर कार्ड कंपनीशी बोला, दुसऱ्या विमानाने घरी जा, असं प्रवाशांना सांगितलं जातं. इतर कंपन्या सवलतीची तिकिटं देऊ करतात, पण तीही विकतच.

त्याच दिवशी. न्यायालय दिवाळखोरी जाहीर करतं. थकबाकीपोटी केफ्लाविक विमानतळ चालवणारी इसाव्हिया एक एअरबस अडकवून ठेवते. विमानतळाच्या हाती निदान विमान होतं, तिकीट काढलेल्याच्या हाती काहीच नव्हतं.

मे 2023 मध्ये मुंबईची विमान कंपनी गो फर्स्ट थांबली, तेव्हा आपल्याकडच्या प्रवाशांनाही परताव्यासाठी दिवाळखोरीचे दावे भरावे लागले. प्रवाशाने आगाऊ भरलेले पैसे विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, कंपनीच्या रोजच्या खर्चात नव्हे. सरकारने हा नियम करावा.