आईकडून आलेलं दंडाचं लुगडं

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, चहा येईपर्यंत गप्पा चालू होत्या. तेव्हा एका काकूंनी विचारलं, "ताई, माझ्या दोन्ही पोरी एकाच आईबापाच्या. थोरली हुबेहूब सासूबाई. धाकटी कुणावर गेली ते अजून कळत नाही. असं कसं होतं गं?" मी म्हटलं, वाचते आणि सांगते. वाचायला बसले तर गोष्ट बरीच लांब निघाली, पार आइसलँड नावाच्या बेटापर्यंत गेली.

आधी माझ्या आजीचं लुगडं आठवते. आजी नऊवारी नेसायची. लुगडं विरलं की टाकून द्यायची ऐपत नव्हती. मग दोन जुनी लुगडी घ्यायची, विरलेला भाग कापायचा, एकाचा धड तुकडा दुसरीच्या धड तुकड्याला जोडायचा. त्या शिवणीला दंड म्हणत. तुमच्यातल्या कित्येकींच्या घरी दंड घातलेलं लुगडं असेल.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. आता तुम्ही आई होता तेव्हा त्या जोडीतलं एकच बाळाला द्यायचं असतं. पण तुमच्या आईचं किंवा तुमच्या वडिलांचं जसंच्या तसं उचलून दिलं जात नाही. अंडं तयार होताना दोन्ही शेजारी येतात, नेमक्या त्याच जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होऊन पुन्हा जोडली जातात. बाळाला मिळतं ते दंड घातलेलं. पुस्तकात याला जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात. प्रत्येक अंड्यात दंड वेगळ्या जागी पडतो आणि जोडीतलं कोणतं पुढे जाईल तेही ठरलेलं नसतं. पुरुषाच्या बीजातही हेच घडतं. म्हणून काकूंच्या एका मुलीच्या वाट्याला आजीचं जास्त आलं आणि दुसरीच्या वाट्याला वेगळंच काही.

एक गोष्ट वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. बाईची अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात आणि हे दंडही तेव्हाच पडतात. म्हणजे ज्या अंड्यातून मी झाले, त्यातली शिवण माझी आई माझ्या आजीच्या पोटात होती तेव्हाच घातली गेली होती.

हे माणसाला कळलं कसं? सुरुवात फळांवरच्या बारीक माश्यांपासून झाली. अमेरिकेत मॉर्गन नावाचे शास्त्रज्ञ माश्यांच्या पिढ्या बाटल्यांत वाढवायचे. त्यांचा विद्यार्थी स्टर्टव्हंट याने १९१३ साली पहिला नकाशा छापला. त्याचा हिशोब साधा होता. दोन गुण एकमेकांपासून वारंवार वेगळे होत असतील तर ते लांब आहेत, क्वचित वेगळे होत असतील तर जवळ. लुगड्याच्या दोन टोकांमध्ये दंड पडायची शक्यता जास्त, शेजारच्या दोन धाग्यांमध्ये कमी. पण तुकडे खरोखर तुटून जोडले जातात हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ते दाखवलं दोन बायकांनी, आणि तेही मक्यावर. बार्बरा मॅक्लिंटॉक आणि तिच्याबरोबर काम करणारी विद्यार्थिनी हॅरिएट क्रेटन, साल १९३१, कॉर्नेल विद्यापीठ. मका आपण लावतो, म्हणून हे आपल्याला पटकन कळेल. कणसातला प्रत्येक दाणा म्हणजे वेगळं अपत्य. तुऱ्याचे परागकण कणसाच्या केसांवर पडले की दाणा धरतो. त्या दोघी कणसावर पिशवी बांधून, हवा तोच पराग हाताने टाकून पीक घ्यायच्या. त्यांनी मक्याचं असं गुणसूत्र निवडलं की ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला जास्तीचा तुकडा चिकटलेला होता. दोन्ही खुणा सूक्ष्मदर्शकातून दिसायच्या. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि दाण्याचा मेणासारखा चिकटपणा ठरवणारे गुण होते. जिथे रंग आणि चिकटपणा एकमेकांपासून सुटले, तिथे गाठ आणि तुकडाही सुटलेले दिसले. दंड डोळ्यांनी दिसला. मॅक्लिंटॉकला त्यानंतरही काही वर्षं शिष्यवृत्त्यांवर दिवस काढावे लागले. पुढे मक्यावरच्याच दुसऱ्या एका शोधासाठी १९८३ मध्ये तिला नोबेल मिळालं, तेव्हा ती ८१ वर्षांची होती.

मक्यावर पिशवी बांधता येते. माणसावर नाही बांधता येत. माणसात हे बघायचं तर जी कुटुंबं आपोआप झाली आहेत तीच शोधायला हवीत: आजीआजोबा, आईबाप, भरपूर मुलं, आणि सगळ्यांचं रक्त. १९८४ मध्ये पॅरिसला जाँ दोसे यांनी त्यासाठी केंद्र काढलं. सुरुवातीला ४० कुटुंबं होती, बरीचशी अमेरिकेतल्या युटा राज्यातली आणि फ्रान्समधली, सात-आठ मुलांची. या केंद्राची एक पद्धत मला फार आवडली. जगातल्या प्रयोगशाळांना या कुटुंबांच्या रक्तातला डीएनए मिळायचा, पण अट अशी की तपासून जे सापडेल ते सगळ्यांच्या सामायिक नोंदीत परत टाकायचं. आपल्या गटाच्या वहीसारखंच. उचल घेतली तर नोंद हवी.

मग आलं आइसलँड. समुद्रातलं थंड बेट, तेव्हा लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पण तिथे नोंदी ठेवायची जुनी सवय. १७०३ सालीच त्यांनी साऱ्या देशाची नावानिशी शिरगणती केली होती. तिथे आडनाव बहुधा नसतंच, नावापुढे वडिलांच्या नावावरून 'अमक्याचा मुलगा', 'अमक्याची मुलगी' लावतात. आणि लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडे सासरी नाव बदललेल्या बाईचा कागद शोधताना काय होतं ते मला विचारा! त्यांच्या वंशावळीत बाई हरवत नाही.

१९९६ मध्ये कारी स्टेफान्सन यांनी तिथे एक कंपनी काढली. लोकांची संमती घेऊन जमवलेलं रक्त आणि जुन्या वंशावळी यांची सांगड घातली. २००२ मध्ये त्यांनी १४६ कुटुंबांवरून माणसातल्या दंडांचा तोवरचा सर्वांत बारीक नकाशा छापला. २०१९ पर्यंत दीड लाख लोकांच्या माहितीवरून सुमारे ४५ लाख दंडांच्या जागा नोंदल्या गेल्या. त्यातून दिसलं की आईकडून येणाऱ्या अंड्यात साधारण ४० ते ४५ दंड असतात, वडिलांच्या बीजात २५ ते २७. आईचं वय जास्त असेल तर बाळात दंडही थोडे जास्त सापडतात. आणि दंड हे नुसतं सजवणं नाही. जोडीला नीट धरून ठेवायचं कामही तेच करतात. दंड पडलाच नाही किंवा भलत्या जागी पडला तर वाटणी चुकू शकते, एक गुणसूत्र जास्तीचं जातं किंवा कमी. डाऊन सिंड्रोममागे बऱ्याचदा हेच असतं. सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. आपल्याकडे बाई जड उचललं, पपई खाल्ली, अमावास्येला बाहेर गेली म्हणून बोल खाते. चूक झालेली असते ती तिच्या जन्माच्याही आधी सुरू झालेल्या कामात.

हे सगळं ज्ञान लोकांनी दिलेल्या रक्तातून आलं. पण त्याच देशात त्याच काळात एक भांडण झालं, ते आपण ऐकायलाच हवं. १९९८ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा केला की देशातल्या सगळ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी एका मोठ्या डेटाबेसमध्ये घालायच्या आणि चालवायला खासगी कंपनीला द्यायच्या. तो परवाना याच कंपनीला मिळाला. कुणाची परवानगी आधी घ्यायची नाही. ज्याला नको असेल त्याने लेखी कळवायचं. जवळपास २० हजार लोकांनी नको म्हणून कळवलं.

एका तरुण मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. २००० मध्ये तिने लिहिलं की माझ्या वडिलांच्या नोंदी त्यात घालू नका. उत्तर आलं, मेलेल्या माणसाच्या वतीने नाही म्हणता येत नाही. ती कोर्टात गेली. २७ नोव्हेंबर २००३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वडिलांच्या वतीने ती बोलू शकत नाही हे न्यायालयाने मान्य केलं, पण म्हणालं की वडिलांच्या नोंदीवरून मुलीच्या आनुवंशिक गोष्टींचाही अंदाज बांधता येतो, म्हणून हा तिचा स्वतःचा खासगीपणा आहे. तो मोठा डेटाबेस पुढे कधी झालाच नाही. दंडांचे नकाशे मात्र विचारून घेतलेल्या रक्तावर होत राहिले.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण काही वर्षांपूर्वी आपल्याच गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. फॉर्म इंग्रजीत होते. रांग मोठी, ऊन वाढलेलं. मीच गटातल्या बायकांना म्हणाले, "करा गं सही, हिमोग्लोबिन बघतायत." काहींचा अंगठा मी माझ्या हाताने धरून उमटवला. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मीही वाचलं नव्हतं. रिपोर्ट आले, गोळ्या मिळाल्या. उरलेल्या रक्ताचं काय झालं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतर विचारायला कुणी सापडलं नाही.

हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. आपल्या देशातही जीनोम इंडिया नावाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या समाजांतल्या १० हजार लोकांचे नमुने वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. असं काम व्हायला हवं, नाहीतर औषधं ठरतील ती दुसऱ्यांच्या रक्तावरून.

गेल्या महिन्यात पुन्हा एक शिबिर आलं. यावेळी मी आलेल्या सिस्टरना म्हटलं, फॉर्म मराठीत मोठ्याने वाचा. त्या आधी जरा रागावल्या, मग वाचला. २० मिनिटं गेली. उरलेलं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असा वेगळा रकाना खाली होता. तिथे हो किंवा नाही लिहायचं होतं. बहुतेकींनी हो लिहिलं, तिघींनी नाही. नाही म्हणणाऱ्यांचीही तपासणी झाली, रिपोर्टही मिळाले. मुलींबद्दल विचारणाऱ्या काकू सिस्टरना म्हणाल्या, "माझं हो आहे. पण पोरींचं मी नाही सांगणार, त्या सांगतील."