कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहाच्या उंबरठ्यावरून



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पूर्वजांच्या दातृत्वाचे, मंदिराच्या प्रतिष्ठेचे आणि साधु-साध्वींच्या चातुर्मासांचे स्मरण व्हावे, हे सर्वथा उचितच होय. त्या विषयांवर लिहिणारे अधिकारी लेखक आपल्यात आहेत. प्रस्तुत लेखकाने मात्र इतिहासातील एक निराळे प्रकरण निवडले आहे. एका जैन वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेल्या एका जैन विद्यार्थ्याचे ते प्रकरण आहे. पुढे त्याच विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

दिनांक २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी त्यांचा जन्म झाला. आपल्या खानदेशात जैन म्हटला की पेढीवर बसलेला व्यापारीच डोळ्यांसमोर येतो. दक्षिण महाराष्ट्रात तसे नाही. तेथील जैन समाज प्रामुख्याने शेती करणारा, औत हाकणारा आहे. पुढे भाऊरावांना रयतेची भाषा शिकावी लागली नाही, याचे मूळ मला येथेच दिसते.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर, स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. माणसांच्या सभेला जाऊन आल्यावर शुद्ध कशापासून व्हायचे, हे त्यांना उमगेना. त्यांनी स्नानास नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही.

त्या वेळी वसतिगृहाची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे काही संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. अशा सुधारकाच्या कारकिर्दीतही वसतिगृहाचा नियम माणसापेक्षा मोठा ठरला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संस्था चालविताना नियम लागतातच; आपण विश्वस्त मंडळी ते जाणतो. पण कोणता नियम धर्माचा आणि कोणता केवळ सवयीचा, हे तपासण्याचे काम बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासले गेले. संशय लठ्ठे यांच्यावर आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्या अमदानीत आपल्याला वसतिगृहाबाहेर पडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष नाकारली. त्यापायी त्यांनी तुरुंगवास सोसला, छळ सोसला. परंतु लठ्ठ्यांविरुद्ध असत्य शब्द उच्चारला नाही. आपण दरवर्षी संवत्सरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. क्षमा ओठांवरून उतरून माणसाच्या वागण्यात आली म्हणजे ती कशी दिसते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

मी कापडाचा व्यापारी. म्हणून भाऊरावांच्या चरित्रातील फिरत्या विक्रेत्याचा कालखंड मला विशेष जवळचा वाटतो. साताऱ्यात त्यांनी आधी शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणे, हे बोलघेवड्या माणसाचे काम नव्हे. त्यासाठी त्याच्या ओट्यावर बसावे लागते, त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकावी लागते. गिऱ्हाईक समोर बसले असता आपण किती बोलतो आणि किती ऐकतो, हे आपल्यापैकी प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते! भाऊराव नांगर विकता विकता खेड्याचे दारिद्र्य आणि अज्ञान वाचत गेले. या रोगाचे मूळ निरक्षरतेत आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. एक चूल, एक पंगत आणि कामाची पाळी सर्वांना सारखी. मुलांनीच स्वयंपाक करावा, पाणी भरावे, शेतात राबावे आणि शिकावे. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद आणि वटवृक्ष ही तिची खूण. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या पंगतीची खरी किंमत ज्या माउलीने मोजली, तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे अन्याय होईल. सौ. लक्ष्मीबाई या कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. पण पतीने घरी आणलेली, नाना जातींची मुले त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आपल्या संस्थांच्या भिंतींवर देणगीदारांच्या शिला असतात, त्यात वावगे काही नाही. पण अशी देणगी कोणत्या शिलेवर कोरावी?

नावावरून आठवले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. एका धनिकाने फार मोठी रक्कम देऊ केली. महाविद्यालयाचे नाव बदलावे, एवढीच त्याची अट. एक वेळ बापाचे नाव बदलीन पण शिवरायांचे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर भाऊरावांनी दिले, असे सांगितले जाते. संस्था पैशाच्या ओढाताणीत असताना हे उत्तर देणे सोपे नव्हते. ताळेबंद पाहणाऱ्या माणसाला त्याचे मोल अधिक कळते.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिकही न झालेल्या माणसास डी. लिट्. ही पदवी दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले, आणि ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहे आणि शंभराहून अधिक माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या होत्या.

आता आपल्या गावाकडे येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे बांधव आहेत. साक्षरता सुमारे ६४ टक्के, आणि त्याच गणनेत राज्याची ८२ टक्के. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा येथील माणूस आपल्या दुकानांचा जुना गिऱ्हाईक आहे. लग्नसराईचे लुगडे तो आपल्याकडूनच नेतो, भोंगऱ्या बाजाराच्या आधी आपल्याच गाद्यांवर गर्दी करतो. त्याच्या रुपयावर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या आणि त्यातूनच आपल्या संस्थाही. आपण साधर्मिक वात्सल्याला मोठे पुण्य मानतो, ते आहेच. परंतु भाऊरावांनी ते वात्सल्य साधर्मिकांच्या कुंपणाबाहेर नेले आणि त्याने जैनत्व उणे झाले नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती करतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या इमारतीतील दोन खोल्या सातपुड्यातून शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांकरिता राखून ठेवाव्यात. भोजनशाळेचे नियम बदलण्याचे कारण नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि कंदमूळवर्ज्य ताट त्यांनाही चालेल, कारण शिकायला आलेल्या भुकेल्या मुलाला वेळेवर ताट मिळणे महत्त्वाचे असते. त्यांची पंगत मात्र निराळी नसावी. खर्चाचा अंदाज मी तयार करून मंडळाच्या पुढील सभेत मांडीन. एका विद्यार्थ्याचा वर्षाचा भोजनखर्च माझ्या पेढीकडून धरावा.